रहिवासाचा रकाना

कर्करोगाच्या रुग्णालयात माणूस भरती होतो तेव्हा त्याच्यासंबंधी एक ओळ लिहिली जाते. नाव, वय, स्त्री की पुरुष, गाव, निदान, तारीख. नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडील पारशिवनी तालुक्यातून कोणी आला असेल, तर गावाच्या रकान्यात कधी 'पारशिवनी' पडते, कधी 'परसिवनी', आणि इंग्रजी नोंद असेल तर ब्रिटिश आमदानीपासून चालत आलेले, 'पार्सिओनी' असा उच्चार सुचवणारे स्पेलिंग. एकाच गावाचे तीन पाठ! महानुभावांच्या पोथ्यांतील पाठभेदांवर आम्ही वर्गात तासन् तास बोलतो; कोणता पाठ मूळचा, कोणता लेखनिकाच्या हातचा, याची चिकित्सा करतो. रुग्णालयाच्या नोंदवहीकडे मात्र पोथीकडे पाहावे तसे पाहण्याचे आमच्या कधी मनात आले नव्हते. या टिपणाचा प्रयत्न तेवढाच आहे. दीर्घकाळ दूषित हवेत राहणे आणि कर्करोगासाठी रुग्णालयात भरती होणे यांचा संबंध जगात कसा लावला गेला आणि पारशिवनीसारख्या ठिकाणी तो लावताना नेमके काय आडवे येते, हे एका साध्या रकान्याच्या आधाराने पाहायचे आहे.

न्यायशास्त्रातील अनुमानाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण धुराचे आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. हे अनुमान चालते, कारण धूर आणि अग्नी यांची व्याप्ती स्वयंपाकघरातच सिद्ध झालेली असते. आम्हांला येथे धुराकडून अग्नीकडे जायचे नाही. धुराकडून पुढे, वीसपंचवीस वर्षांनी एखाद्या फुफ्फुसात उमटणाऱ्या गाठीकडे जायचे आहे. तेथे व्याप्ती नाही. धुरात आयुष्य काढलेले पुष्कळ लोक निरोगी म्हातारे होतात, आणि धूर न पाहिलेल्या माणसालाही गाठ होते. अशा ठिकाणी एका माणसाबद्दल अनुमान करता येत नाही. हजारो माणसे मोजावी लागतात आणि ती कोठे किती वर्षे राहिली हे ठाऊक असावे लागते. म्हणजे पुन्हा गावाचाच रकाना.

इतिहासलेखनाची अडचण याच जागी सुरू होते. इतिहासाला घटना लागते, घटनेला तारीख लागते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुरकट धुके उतरले, काही दिवसांत माणसे पटापट मेली, आरंभीच्या हिशेबात सुमारे चार हजार, पुढच्या फेरविचारात त्याच्या तिप्पट. १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. भोपाळची रात्र १९८४ मधली. या तारखा पाठ्यपुस्तकांत जातात. परंतु ज्या हवेत रोज थोडे थोडे काहीतरी मिसळते तिची तारीख कोणती लिहायची? भरतीची तारीख ही रोगाची तारीख नसते. ती माणूस घराबाहेर पडू शकला त्या दिवसाची तारीख असते. शेतीची कामे आटोपली, धाकट्याने सुट्टी काढली, पैशांची जुळणी झाली, मग नागपूर.

रोग आणि परिसर यांचा पहिला स्पष्ट सांधा १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी जुळवला. घरांची धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो, आणि त्याचे मूळ कातडीच्या वळ्यांत साचून राहणाऱ्या काजळीत आहे, असे त्यांनी लिहिले. मुलाने काजळी घेतली, पुरुषाला रोग झाला. मधली वर्षे कोणाच्याच हिशेबात नव्हती. ती पॉट यांनी हिशेबात घेतली, हे त्यांचे खरे कर्तृत्व. कर्करोगाच्या कारणांचा आधुनिक शोध धुराड्याच्या काजळीपासून सुरू झाला, हा योगायोग विसरण्याजोगा नाही, कारण पुढे दीडदोनशे वर्षे त्याच धुराड्यांकडे वैद्यकाची बऱ्यापैकी पाठ राहिली.

आपल्याकडील कथा निराळी आहे आणि ती अभिमानाचीही आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाचा अभ्यास भारतीय माणसाच्या राहणीच्या अंगाने करायला घेतला. १९४५ सालच्या एका शोधनिबंधात, सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह, त्यांनी भारतातील रूढींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. एक, पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढल्याने होणारा. दुसरा, चुना लावलेली तंबाखू ओठाआड धरल्याने होणारा. तिसरा, कमरेवर घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचणीवर वर्षानुवर्षांनी उठणारा. धोतराच्या काठाखाली कर्करोग शोधणारी ही नजर आम्हांला कोणत्याही कादंबरीकाराच्या निरीक्षणाइतकी तीक्ष्ण वाटते. माणूस काय नेसतो, काय चघळतो, कसे ओढतो, हे त्यात आले. परंतु या दृष्टीची एक मर्यादाही होती. कर्करोग हा सवयीचा रोग ठरला. सवय माणसाची असते. म्हणून प्रश्न माणसाला विचारला जातो. 'काय खाता? किती वर्षांपासून?' विदर्भात हा प्रश्न विचारण्याचीही गरज पडत नाही, कारण खर्र्याची पुडी खिशातून डोकावत असते. 'घराच्या वाऱ्याच्या दिशेला काय आहे?' हा प्रश्न विचारण्याची रीत पडली नाही. त्याचे उत्तर रुग्णाच्या खिशात सापडत नाही.

येथे एक खुलासा आत्ताच करून टाकू, नाहीतर आमच्यावर पक्षपाताचा आरोप येईल. तंबाखूला निर्दोष ठरवण्याचा आमचा हेतू नाही. नागपूरच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग अग्रस्थानी असतो, आणि त्याचे कारण शोधायला राखेपर्यंत जावे लागत नाही. रामटेकच्या पानमळ्यांचा हा सगळा परिसर. पानाची जागा सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाने कशी घेतली, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. परंतु एक कारण ठळक असले म्हणजे दुसरे नसतेच, असे होत नाही. आणि ठळक कारणाच्या सावलीत फिक्या कारणाला लपायला बरी जागा मिळते.

आता नागपूर. सत्तरच्या दशकात या शहराभोवती तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या, त्या एकत्र मांडून पाहाव्यात. १९७४ मध्ये कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच चालू झाला. त्याच वर्षी नागपुरात १९५८ पासून असलेल्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'नीरी', असे झाले. १९७८ पासून या संस्थेने देशातील दहा शहरांत हवेचे नियमित मोजमाप हाती घेतले आणि त्या दहांत नागपूर होतेच. १९८० मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने नागपुरात लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली; मुंबईत अशी नोंदणी १९६३ मध्ये, पुण्यात १९७२ मध्ये आणि औरंगाबादेत १९७८ मध्ये उभी राहिली होती. धुराडे, हवेची मोजपट्टी आणि गाठींची मोजदाद: सहासात वर्षांच्या आत तिन्ही एका शहराच्या आसपास जमली. जगात फार थोड्या ठिकाणी असा योग आला असेल. पन्नास वर्षांत यांतून केवढे ज्ञान निर्माण व्हायला हवे होते!

ते झाले नाही, याचे एक कारण सरहद्दीत आहे. धुराडे शहराच्या बाहेर होते. मोजपट्टी शहरात होती. गाठींची मोजदादही शहराच्या रहिवाशांची होती. लोकसंख्याधिष्ठित नोंदणीचा नियम कडक असतो आणि शास्त्राच्या दृष्टीने रास्तही असतो: नोंदणीच्या क्षेत्रात किमान एक वर्ष राहणारा माणूसच गणनेत धरायचा, कारण अंशस्थानी कोण आणि छेदस्थानी कोण हे जुळले नाही, तर दर काढता येत नाही. नागपूरच्या नोंदणीचे क्षेत्र नागपूर शहर. तेव्हा पारशिवनीहून आलेला रुग्ण नागपूरच्या रुग्णालयात तपासला जातो, त्याच्या मांसाचा तुकडा नागपूरच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जातो, उपचार नागपुरात होतात, पण नागपूरच्या दरात तो नसतो. रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदीत तो असतो. परंतु त्या नोंदीतून किती रुग्ण आले एवढे कळते, किती लोकांमधून आले ते कळत नाही. उलट भावाच्या किंवा मुलीच्या घरचा शहरातला पत्ता त्याने दिला आणि कोणी खोलात विचारले नाही, तर तो शहराचा होऊन बसतो. दोन्ही प्रकारांत पारशिवनीच्या हवेचा साक्षीदार हरवतो.

महाराष्ट्रात याहून वेगळे होऊ शकते, याचे उदाहरण मात्र जुने आहे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांच्या ग्रामीण भागासाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव जात, लक्षणे समजावून सांगत, संशयित रुग्णाला तपासणीसाठी आणत. नागपूरशेजारच्या वर्धा जिल्ह्यात २०१० पासून सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात जिल्ह्याची नोंदणी चालते. म्हणजे सेलू किंवा आर्वी तालुक्यातला माणूस मोजला जातो.

आता पारशिवनीकडे वळू. पेंच नदीच्या काठचा हा तालुका. उत्तरेला पेंचचे व्याघ्रारण्य, मध्ये नवेगाव खैरीचे धरण, ज्याचे पाणी नागपूर पिते. दक्षिणेला कन्हानकाठी कोळसा. पूर्वेला लागूनच रामटेक, जेथे महामहोपाध्याय मिराशींनी मेघदूताचा रामगिरी निश्चित केला. कालिदासाने मेघाचे घटक सांगताना धुराला पहिले स्थान दिले आहे, हे आम्हांला अलीकडे राहून राहून आठवते. त्याच्या काळी धुराच्या अंगी दोष नव्हता. आपल्या बोलीतही चुलीतून धूर निघणे म्हणजे घरात दोन घास शिजणे.

कामठी कोळसाक्षेत्राचा एक भाग या तालुक्यात येतो. १९७३ मध्ये कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी झाली. गोंडेगाव, इंदर यांच्या उघड्या खाणी तिच्याच. उघडी खाण म्हणजे जमिनीची साल सोलून काढणे. सुरुंग, डंपर, कच्चा रस्ता, आणि त्या सर्वांवर धूळ. वराड्याकडे कोळसा धुण्याचा कारखाना आला. शेजारच्या सावनेर तालुक्यात खापरखेड्याचे वीजकेंद्र. तेथील जुने केंद्र पन्नासच्या दशकातले, नवे संच १९८९ पासूनचे. त्यापलीकडे कोराडी, जेथे २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले आणि आणखी दोन संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली.

आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण फार, साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के. शंभर गाड्या कोळसा जाळला की तीसचाळीस गाड्या राख उरते. तिचा मोठा भाग धुराड्यापूर्वीच विद्युत्प्रेरित गाळण्यांत पकडला जातो आणि पाण्यात कालवून नळाने राखेच्या बंधाऱ्यात सोडला जातो. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. परंतु बंधाऱ्यातले पाणी उतरते, वरचा थर वाळतो, आणि विदर्भाचा उन्हाळा काही सौम्य नसतो. वैशाखातल्या वावटळीबरोबर ती राख पुन्हा हवेत जाते. धुराड्यातून सुटलेली राख दूरवर विरळ होऊन पसरते. बंधाऱ्यावरून उडालेली राख शेजारच्या गावात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, कपाशीच्या बोंडावर, पिण्याच्या पाण्यावर बसते. जी दिसते तिच्याविषयी लोक बोलतात. न दिसणारा भाग अधिक चिवट असतो. धुराड्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे वाटेत सल्फेटचे सूक्ष्म कण होतात. अडीच मायक्रॉनहून लहान असे कण नाकात अडत नाहीत, घशात अडत नाहीत, फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जातात. हा वायू रोखण्याचे निकष केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये घातले, मुदत दोन वर्षांची दिली, नंतर ती वारंवार पुढे सरकवली, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना त्यांतून सूटच दिली. 'मुदतवाढ' हा शब्द सरकारी मराठीतला सर्वांत आयुष्मान शब्द असावा.

पारशिवनी तालुक्यातील नांदगाव या प्रकरणात प्रथम वृत्तपत्रांत आले ते खापरखेड्याच्या राखेमुळे. पेंचेजवळच्या या गावालगत केंद्राने राखेचा बंधारा केला, राख पडू लागली, गावकऱ्यांनी आणि नागपुरातील पर्यावरण कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांच्या भेटीनंतर तेथे राख टाकणे थांबले. त्याआधी, २०२१ च्या अखेरीस, नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, मंथन अध्ययन केंद्र आणि असर या संस्थांनी दोन्ही केंद्रांच्या परिसरातील गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पाण्याच्या नमुन्यांत पारा, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये मर्यादेबाहेर आढळल्याची नोंद होती. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, ओढ्यांत शिरली. या तिन्ही गोष्टींना तारखा आहेत, म्हणून आम्ही त्या सांगू शकलो. १९८९ पासून रोज जे चालले त्याला तारीख नाही.

मधल्या काळात जगातले शास्त्र कोठे पोहोचले? १९९३ मध्ये डॉकरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ हजारांवर माणसे, चौदा ते सोळा वर्षांचा पाठपुरावा. प्रत्येकाची धूम्रपानाची सवय आधीच विचारून ठेवली होती, म्हणून ती हिशेबातून वेगळी काढता आली. आणि ती काढल्यावरही सर्वांत मळकट हवेच्या शहरात मृत्यूचा दर सर्वांत स्वच्छ शहराच्या सव्वापट निघाला. सवयीच्या पडद्यामागून परिसर पुढे आला तो येथे. २००२ मध्ये पोप यांनी सुमारे पाच लाख प्रौढांच्या नोंदींवरून दाखवले की, सूक्ष्म कणांचे दीर्घकालीन प्रमाण घनमीटरला दहा मायक्रोग्रॅमने वाढले, तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे आठ टक्क्यांनी वाढतात. आठ टक्के म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण विडी न ओढण्याचा निर्णय माणूस घेऊ शकतो, श्वास न घेण्याचा नाही; म्हणून हे आठ टक्के संपूर्ण लोकवस्तीला लागू पडतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरची दूषित हवा आणि तिच्यातील कण यांना मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले. त्या गटात तंबाखूही आहे. (गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. वर्तमानपत्रे ही गल्लत नेहमी करतात.)

मग २०२३ मध्ये दोन निराळ्या दिशांनी दोन अभ्यास आले. एक लंडनच्या प्रयोगशाळेतून. चार्ल्स स्वॉन्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, निरोगी फुफ्फुसातही वयाबरोबर काही पेशींत जनुकीय बदल होऊन बसलेले असतात. त्या पेशी स्वस्थ असतात. सूक्ष्म कण आत गेले की शरीराच्या रक्षक पेशी दाहकारक द्रव्य सोडतात, आणि त्या दाहाने या स्वस्थ पेशींतल्या काही जाग्या होतात. कण स्वतः जनुक बिघडवतीलच असे नाही. बिघडलेले जनुक ते उठवतात. हे सूत्र, बेरेनब्लम आणि शुबिक यांनी १९४७ मध्येच, उंदरांच्या कातडीवरील प्रयोगांतून सुचवले होते. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या पासष्टी उलटलेल्या नागरिकांच्या सरकारी विम्याच्या नोंदींवरचा. दहा दहा वर्षांची हवा आणि त्यानंतरचे कर्करोगाचे निदान यांची सांगड त्यात घातली होती, आणि फुफ्फुस नव्हे तर मोठे आतडे, पुरस्थ ग्रंथी यांच्या कर्करोगाशीही सूक्ष्म कणांचा संबंध आढळला. हा अभ्यास शक्य झाला तो प्रयोगशाळेमुळे नव्हे. विम्याच्या फाइलीत प्रत्येक माणसाचा पत्ता होता, बदललेला पत्ताही होता, म्हणून शक्य झाला.

आमच्याकडे हाच प्रयोग भरतीच्या नोंदींवर करायचा झाला तर काय होईल? पहिली गोष्ट, भरती म्हणजे रुग्ण नव्हे. केमोथेरपीची सहा आवर्तने झाली तर एकाच माणसाच्या सहा भरत्या दिसतील, किंवा दिवसापुरता येऊन तो गेला तर एकही दिसणार नाही. दुसरी गोष्ट, भरती खाटांवर आणि पैशांवर अवलंबून असते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आली, नोव्हेंबर २०१३ मध्ये सगळ्या राज्यात. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले यांच्या नावावर झाले. कर्करोगाचा उपचार तीत बसतो. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय पूर्वीपासून आहे (खुद्द तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले). जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे काम २०१७ पासून सुरू झाले आणि २०२३ मध्ये ती पूर्णत्वाने खुली झाली. तेव्हा २०१३ नंतर ग्रामीण रुग्णांच्या भरत्या वाढलेल्या दिसल्या, तर त्यात हवा किती आणि योजनेचे कार्ड किती? जो माणूस २००५ मध्ये घरच्या बाजेवर गेला तो कोणत्याच नोंदवहीत नाही. भरती वाढणे हे काही वेळा सुवार्ताही असू शकते, ही गोष्ट राखेविरुद्ध लढणाऱ्या आमच्या मित्रांना रुचत नाही. परंतु पुरावा वाकवून जिंकलेला वाद पुढच्या सुनावणीत टिकत नाही.

आणि चूल. पारशिवनीच्या उत्तरेकडील, जंगलालगतच्या गावांत बायका लाकडाच्या धुरात दोन्ही वेळचा स्वयंपाक करत आल्या. चीनमधील श्वानवे परगण्यात विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांना फुफ्फुसाचा कर्करोग एवढा का, याचा शोध ऐंशीच्या दशकात लागला, तो घरात धुराड्याविना जाळल्या जाणाऱ्या धुरकट कोळशापाशी. तेव्हा बाहेरची हवा मोजताना घरातली विसरून चालणार नाही. धुळीधुळीतही फरक आहे. खाणीच्या धुळीतली स्फटिकी वाळू कर्करोगाच्या पहिल्या गटात १९९७ पासून आहे. मनसर-कांद्रीच्या बाजूच्या मँगेनीजची धूळ मज्जासंस्थेला बाधते, ती कर्करोगाच्या खात्यात टाकू नये. प्रत्येक धुळीचा रोग तिच्या तिच्या नावावर मांडला पाहिजे.

मुंबईत असे काटेकोर काम झाले होते. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर, खार या वस्त्या आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग घेऊन घरोघर जाऊन श्वसनाचे विकार मोजले. तुलनेसाठी 'स्वच्छ' म्हणून खेडे घ्यायचे, ही तेव्हाची साधी रीत. खेडे म्हणजे शुद्ध हवा हे गृहीतक आमच्या कवितेतही होते, शास्त्रातही होते. गोंडेगावच्या खाणीच्या काठावर आज तुलनेसाठी कोणते खेडे घ्यायचे?

हवेच्या बाबतीत मात्र एक अनपेक्षित दफ्तर उपलब्ध आहे. डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावरील उपकरण २००० पासून पृथ्वीवरच्या हवेतील कणांचा गढूळपणा टिपत आले. त्यावरून जमिनीलगतच्या सूक्ष्म कणांचे वार्षिक अनुमान चौकोनाचौकोनाने काढता येते. म्हणजे ज्या वर्षांत पारशिवनीच्या बाजारात हवा मोजणारे यंत्र कोणी बसवले नव्हते, त्या वर्षांचीही एक नोंद आकाशात राहिली आहे. २००९ मध्ये भारताने सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला चाळीस मायक्रोग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा पाचवर आणली. या दोन आकड्यांच्या मध्ये पारशिवनी कोणत्या वर्षी कोठे होती, हे आज परत जाऊन काढता येते.

दफ्तराची दुसरी बाजू तेवढी उघडी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने कर्करोग हा अधिसूचित, म्हणजे कळवणे सक्तीचे असलेला, रोग करावा अशी शिफारस केली. काही राज्यांनी ते आपापल्या पातळीवर केलेही. परंतु रोग कळवला आणि 'रहिवास: नागपूर' एवढेच लिहिले, तर आकाशातल्या नोंदीशी तो जोडायचा कसा? खापरखेड्याचे नवे संच चालू झाले त्या वर्षी जन्मलेले मूल आज पस्तिशी ओलांडून गेले आहे. कोराडीचा पहिला संच पेटला तेव्हाचे मूल पन्नाशीत आहे. कर्करोगाच्या भरत्या ज्या वयापासून दाटू लागतात त्या वयात ही पिढी आत्ता पाऊल टाकते आहे. यांतले काही गावातच राहिले, काही कन्हानला, काही कामासाठी पुण्याला, मुली लग्न होऊन भंडाऱ्याला गेल्या. त्यांपैकी कोणी उद्या नागपूरच्या खिडकीपाशी उभा राहील, तेव्हा आतला माणूस विचारील, 'गाव कोणतं जी?' आणि तो हल्लीचे गाव सांगेल. 'त्याच्या आधी?' हा प्रश्न छापील कागदावर नाही. पेनाने समासात लिहावा लागेल.